स्टुलांवरची स्वस्तिकं

परातीत निम्म्या वाती वळून झाल्या होत्या, निम्मा कापूस तसाच पडला होता, तेवढ्यात लताबाई मागच्या दाराने आल्या आणि पायरीवरच बसल्या. चपलाही काढल्या नाहीत. मी म्हटलं, "चहा टाकू?" तर म्हणाल्या, "नको वहिनी. जरा बसू द्या."

त्रिपुरी पौर्णिमा नऊ दिवसांवर आली आहे. लक्ष वातींचा नेम मी चातुर्मासात धरला होता, त्यातल्या अजून आठ-नऊ हजार बाकी आहेत. तरी मी हात थांबवला. लताबाई बोलत नाहीत म्हणजे काहीतरी मोठं असतं.

या वहीत मी रोज तिथी लिहिते, पोथीचा कितवा अध्याय झाला ते लिहिते, कोण आलं-गेलं ते लिहिते. दोन-चार ओळी, संपलं. आज मात्र लताबाईंचं पहिल्यापासून लिहून ठेवणार आहे. त्यात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि ती लिहिल्याशिवाय उद्या पोथी हातात धरवणार नाही.

लताबाई पगारे आमच्या शेजारीण. सिडकोत घरं मिळाली तेव्हा त्यांची आणि आमची भिंत एकच आली, त्याला सहा वर्षं झाली. त्यांचे मिस्टर जयरामभाऊ एस.टी.त कंडक्टर, येवला-नांदगावच्या गाड्यांवर. दिवसाआड घरी असतात. दोन मुली आहेत, दोघी शाळेत. सासूबाई होत्या तोवर आमच्या घरात त्यांच्याकडचं पाणी चालत नसे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. सासूबाई गेल्यावर एकदा त्यांनी भिंतीवरून वाटीभर कढी दिली आणि मी घेतली. तेव्हापासून येणंजाणं.

लताबाई अंबडच्या एका कारखान्यात आहेत. तिथे तांब्याच्या तारेच्या छोट्या कॉइली होतात. त्या आधी टेस्टिंगला होत्या, म्हणजे तयार कॉइल तपासायची, दिवा लागला तर पास, नाही लागला तर बाजूला. पाच वर्षं हेच. यंदा जूनमध्ये साहेबांनी बोलावून सांगितलं, वाइंडिंगला सुपरवायझर व्हा, सहा महिने बघू, मग कायम करू. वाइंडिंग म्हणजे जिथे तार गुंडाळून कॉइल तयार करतात ते खातं. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पेढे दिले. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगला जाऊन बघतात तो त्यांच्या जागेवर दुसरी मुलगी बसलेली. "एका रात्रीत भरली हो जागा," त्या हसत म्हणाल्या होत्या. मागे फिरायची वाट तिथेच बंद झाली, ते तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं नाही.

वाइंडिंगला अठरा बाया. कोणी पाथर्डीची, कोणी चुंचाळ्याची, कोणी कामटवाड्याची. सगळ्या जमिनीवर पोती टाकून गोल बसायच्या, पुढ्यात लाकडी पाटावर बसवलेलं हाताने फिरवायचं छोटं मशीन. तार केसाहून बारीक. कॉइल झाली की मधल्या टोपलीत टाकायची आणि संध्याकाळी टोपली मोजायची, अठराजणींची मिळून एकच.

गणपतीनंतर कारखान्यात टेबलं आणि स्टुलं आली. शाळेतल्यासारख्या रांगा. प्रत्येकीचा ट्रे वेगळा आणि भिंतीवर फळा, त्यावर प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या कॉइलींचा आकडा. साहेब लताबाईंना म्हणाले, "डिसेंबरात तुमचं कायमचं बघायचं आहे ना? मग त्याच्या आत मला एकेकीचा वेगळा आकडा द्या. मी मुंबई ऑफिसला कबूल करून बसलोय."

पहिल्या दिवशी बाया म्हणाल्या, पाय लोंबकळतात. लताबाईंनी पायाखाली फळ्या ठोकून घेतल्या. मग म्हणाल्या, पाठीत कळ येते. मग म्हणाल्या, स्टुलाच्या पायात पदर अडकतो. जेवणाची सुट्टी संपली की बघावं तर सगळ्या पुन्हा खाली, पोत्यावर, गोल. त्यांच्यात चुंचाळ्याची सुलाबाई बोलायला पुढे. ती म्हणाली, "बाई, एवढ्या उंचावर तर मी माझ्या लग्नातबी नाय बसले. चक्कर येती." सगळ्या खो खो हसल्या.

लताबाई चिडल्या. मग गोडीने बोलल्या. मग एक दिवस पोती उचलून कोठीत टाकली, तर बाया नुसत्या फरशीवर बसल्या. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या मला म्हणाल्या, "वहिनी, स्टुलाचं काही नाही. मी सांगते म्हणून ऐकत नाहीत. आधीचे सुपरवायझर शिव्या द्यायचे, त्यांना जी साहेब, जी साहेब. मी नीट बोलते तर हसतात. मी कोण आहे ते माहीत आहे ना त्यांना."

आमच्याच घरचं पाणी मला आठवलं.

पण मनाला लागून राहिलं. काहीतरी करावं म्हणून दसऱ्याच्या आधी मीच सल्ला दिला. म्हटलं, "कारखान्यात मशीनची पूजा होतेच. यंदा टेबल-स्टुलांचीही करा. पूजा केली की वस्तू परकी राहत नाही, आपली होते." लताबाई म्हणाल्या, "आमच्यात पूजा नाही वहिनी, तुम्हाला माहीत आहे. पण त्यांना बरं वाटत असेल तर मी आड येणार नाही. फुलं आणून देते." हळदकुंकू मी माझ्या डब्यातलं पुडीत बांधून दिलं. झेंडू त्यांनी स्वतः बाजारातून दोन पिशव्या आणला.

दसऱ्याला सुलाबाईने पूजा केली. ओलं कुंकू करून अठरा स्टुलांवर, बरोबर बसायच्या जागी, एकेक ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता, झेंडूचं फूल.

दुसऱ्या दिवशी कोणीच स्टुलावर बसेना.

"का हो सुलाबाई, आता काय झालं?"

"अहो बाई, देवाचं चिन्ह हाय त्याच्यावर. त्याच्यावर बूड टेकवायचं? पाप कोनी घ्यायचं, तुमी का मी?"

"तुम्हीच काढलं ना ते!"

"मग? पूजा करा म्हनून तुमीच सांगितलं. फुलंबी तुमीच आनली."

अठरा स्टुलं भिंतीला ओळीने लावून ठेवली, वर सुकलेला झेंडू. साहेब आले, बघितलं, म्हणाले, "हा काय देव्हारा मांडलाय? पुसून टाका, आजच्या आज."

लताबाई घरी आल्या त्या सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या. इतक्या रागात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "पुसून टाका म्हणतात. ओल्या फडक्याचं काम, पाच मिनिटांचं. पण मी पुसलं तर उद्या अंबडपासून पाथर्डीपर्यंत काय होईल? लताबाईने देव पुसला. पगारेबाईने पुसला. दुसऱ्या कोणी पुसलं तर कोणी बघणार नाही, मी पुसलं तर... कळतंय का वहिनी तुम्हाला?"

कळलं. उशिरा कळलं. सल्ला देताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझं देवघर होतं. ती पूजा कोणाच्या माथी बसेल, ते डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं, "उत्तरपूजा करता येते. अक्षता टाकून वस्तू जरा हलवली की झालं, मग स्टूल ते स्टूलच." लताबाईंनी दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं तर सुलाबाई म्हणाली, "त्याला भटजी लागतो, बाई. आणा कंपनीच्या खर्चानं."

लताबाई मला पुढे म्हणाल्या, "मला त्या क्षणी वाटलं, एवढी हुशार बाई एका स्टुलासाठी एवढी भांडणार नाही. ही दुसरंच काहीतरी राखतेय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कोठीतली पोती परत आणली, एक स्वतःला घेतलं आणि गोलात जाऊन बसल्या.

"बाई, तुमी कशाला खाली?"

"शिकायला. टेस्टिंगला आयती कॉइल हातात यायची. ती होते कशी ते कधी बघितलंच नाही."

तासाभरात चार वेळा तार तुटली. पाचव्या वेळी सुलाबाईने त्यांच्या हातातून टोक घेतलं, खरवडलं, जोडलं. "आता कळलं का? वर बसून फळ्यावर लिवायला सोपं असतं." पण हसण्यात पूर्वीची धार नव्हती.

दुपारपर्यंत लताबाईंना एक गोष्ट दिसली. सुलाबाईच्या डावीकडे भागीबाई बसते, पाथर्डीची, पन्नाशीच्या पुढची, सगळ्यांची मावशी. सुलाबाई आपली कॉइल संपली की न बघता भागीबाईच्या मशीनला तार ओवून द्यायची. पलीकडची बाई भागीबाईचं फेरे मोजायचं मीटर वाचायची आणि गप्पांच्या मध्येच म्हणायची, "बास मावशी." भागीबाई थांबायची. गप्पा चालूच. एवढं सराईत, की बाहेरून बघणाऱ्याला काही दिसूच नये.

लताबाईंनी सहज हात पुढे केला. "मावशी, कात्री द्या हो." कात्री भागीबाईच्या गुडघ्यापाशी होती. भागीबाईचा हात पोत्यावर इकडून तिकडे चाचपत फिरला, कात्रीच्या वीतभर अलीकडून.

सगळी मशीनं थांबली.

सुलाबाईने कात्री सरकवली. "घ्या. आता जा आनि लिवा फळ्यावर."

लताबाईंनी तार कापली आणि कॉइल पुरी केली. ती टोपलीत टाकली. फळ्याकडे गेल्या नाहीत.

सुट्टीत सुलाबाईच त्यांच्या मागे नळापाशी आली आणि तिने सगळं सांगितलं. कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून भागीबाई तिथे आहे. या सगळ्यांना मशीन कसं धरायचं ते तिनेच शिकवलं, एकेकीचा हात हातात धरून. दोन वर्षं झाली, तिच्या डोळ्यांपुढे धूर येतो. रांगेत बसवली असती तर पहिल्याच दिवशी ट्रे रिकामा, फळ्यावर शून्य, आणि कच्च्या कामगाराला घालवायला चिठ्ठीसुद्धा लागत नाही. "आनि बाई," सुलाबाई म्हणाली, "तुमाला वाटायचं आमी तुमच्या जातीपायी अडतो. दोघी-तिघींचं हाय तसं, खोटं कशाला बोलू? पन स्टूल त्याच्यापायी नव्हतं."

त्या संध्याकाळी हे मला सांगताना लताबाई माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी वाती वळत होते आणि ऐकत त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बोलता बोलता त्या थांबल्या.

"वहिनी, तुम्ही हाताकडे बघत नाही."

"बघून काय करायचंय? बोटांना कळतं. रात्रंदिवस वळत्ये तीन महिने."

त्या माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पट्टी." कॉइल झाल्यावर तिच्यावर कापडी पट्टी घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधतात. जी ती आपल्या कॉइलीची बांधते. त्या कामाला डोळे लागत नाहीत, चांगली बोटं लागतात. भागीबाईने सगळ्यांच्या पट्ट्या बांधल्या तर?

साहेबांकडे जाताना त्यांनी ठरवलं, वाद घालायचा नाही. बायांशी महिनाभर वाद घालून काय मिळालं ते बघितलंच होतं. साहेबही काही उगाच अडत नव्हते, मुंबईला कबूल करून बसले होते. म्हणून आधी विचारलं, "साहेब, मुंबईला नक्की काय दाखवायचं आहे?" निघालं ते एवढंच, की टेबलं वापरात दिसली पाहिजेत आणि कुठलाही आकडा आता आहे त्याहून वर गेला पाहिजे. लताबाईंनी मग टेबलं जोडून तीन गोल मागितले. सहा-सहाजणी, गोलागणिक एक आकडा, आणि एका बाईला फक्त पट्टी. ती बाई कोण आणि का, ते साहेबांनी विचारलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. म्हणाले, "महिनाभर. त्यावर एक दिवस नाही."

लताबाईंनी येऊन ते बायांना तसंच सांगितलं. सुलाबाई उठली. भिंतीपाशी गेली, चिमूटभर अक्षता कुठून आणल्या देव जाणे, एकेका स्टुलावर टाकल्या, प्रत्येक स्टूल बोटभर हलवलं, आणि स्वतःच्या पदराने अठराच्या अठरा स्वस्तिकं पुसली. मग एकावर बसून म्हणाली, "देव गेला घरी. बसा गं."

मला हे ऐकून रडू आलं. लताबाईंना नाही आलं. त्या म्हणाल्या, "भटजी लागला नाही बघा."

गोष्ट इथे संपती तर मी वहीत चार ओळी लिहून देवाला साखर ठेवली असती.

पट्ट्या भागीबाईकडे गेल्यामुळे बाकीच्यांचा वेळ वाचला आणि कॉइली वाढल्या. फार नाही, पण वाढल्या. मुंबई ऑफिस खूश झालं. इतकं, की आज साहेबांनी लताबाईंना बोलावून सांगितलं, वाइंडिंगच्या सगळ्या बायांना कायम करायचं ठरतंय, तुमच्याबरोबरच. सोमवारी डॉक्टर येतील. बारीक कामाच्या बाया, तेव्हा प्रत्येकीचे डोळे तपासून चिठ्ठी फाइलला लागेल. यादी तुम्ही करा आणि खाली सही करा, की या सगळ्या वाइंडिंगचं काम करतात.

म्हणून लताबाई पायरीवर बसल्या होत्या, चपला न काढता.

यादीत भागीबाईचं नाव घातलं तर सोमवारी डोळ्यांचं उघडं पडणार. नाही घातलं तर लताबाईंनीच तिला काढल्यासारखं. आणि घालून खाली सही केली तर ती सही खोटी. त्याच फाइलमध्ये त्यांच्या स्वतःच्या कायमचा कागद आहे, आणि टेस्टिंगच्या जागेवर ती मुलगी अजून बसलेली आहे.

"आधी त्या माझ्यापासून लपवत होत्या," त्या म्हणाल्या. "आता त्या अठराजणी आणि मी, आम्ही सगळ्या साहेबांपासून लपवतो. मला वाटलं होतं मी त्यांना माझ्याकडे वळवलं. वहिनी, मीच जाऊन त्यांच्या गोलात बसले आणि आता उठता येत नाही."

सुलाबाईचा तोडगा तयारच होता. मावशीला वाचता येत नाही, म्हणजे डॉक्टर तक्त्यावरच्या चिन्हाचं तोंड कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगणार. आपण मागे उभं राहून मावशीच्या पाठीवर बोट ओढायचं, उजवीकडे, डावीकडे. हे सांगताना लताबाईंना हसू फुटलं, मलाही.

या वेळी मी सल्ला दिला नाही. फक्त विचारलं, "मोतीबिंदू असेल तर काढतात ना?"

तेच त्यांनी आज भागीबाईला विचारलं होतं. भागीबाई ऐकेना. दवाखान्याचं नाव काढू नका, माझं अजून निभतंय, देवाने दिलंय तेवढं दिसतं. सगळ्या तिला समजावायला लागल्या तेव्हा लताबाईंनी त्यांना गप्प केलं. समजावून कोणी हलत नाही हे त्या स्टुलांवर शिकल्या होत्या. मावशीजवळ स्टूल ओढून त्या बसल्या आणि विचारलं, "मावशी, काय झालं तर जाल? ते सांगा."

भागीबाईने हातातली पट्टी बांधून पुरी केली. मग म्हणाली, "डोळं कापलं तर महिना-दीड महिना घरी. तेवढ्यात माज्या जागंवर कोनाला बसवू नका. मंग जाते."

लताबाई म्हणाल्या, "नाही बसवणार."

"म्हणजे शब्द दिला तुम्ही," मी म्हटलं.

"दिला. तो माझ्या हातात आहे का वहिनी? जागा साहेबांच्या. माझीच जागा एका रात्रीत भरली होती, तेव्हा मला कोणी विचारलं का? पण ती माझ्याकडे बघून म्हणाली. बघून म्हणजे काय, आवाजाकडे तोंड करून. मग मी काय म्हणणार होते?"

सोमवारच्या आत दवाखान्याचा कागद हातात आला तर तो घेऊन साहेबांपुढे जायचं, सगळं खरं सांगायचं आणि जागा मागायची, असं त्यांनी ठरवलं आहे. साहेब काय म्हणतील ते त्यांना माहीत नाही. मला तर नाहीच. यादीवर अजून सही केलेली नाही, यादी त्यांच्या पिशवीत आहे. ती काढून त्यांनी मला दाखवली. सतरा नावं शाईने लिहिलेली, अठरावी ओळ रिकामी.

जाताना त्यांनी परातीतल्या कापसाचा एक पुंजका उचलला, बोटांत वळून बघितला. नीट जमला नाही. परत ठेवला. मी त्यांच्यासाठी रामाला नवस बोलणार होते, पण तोंडावर आलेलं गिळलं. तो माझा मी बोलेन, त्यांना सांगायला नको.

उद्या शनिवार, कारखान्याची आठवड्याची सुट्टी आहे. सकाळी साडेसातला लताबाईंना पाथर्डीहून भागीबाईला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जायचं आहे, डोळ्यांचा केसपेपर काढायला.